म्हातारचळ की व्याधी?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घराघरांतून इतक्या सहजपणे उच्चारली जाते की, तिच्याआड एखादी खरीखुरी व्याधी दडलेली असू शकेल, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. आजोबांनी चष्मा कोठे ठेवला ते विसरावे, ही वार्धक्याची गोष्ट झाली. परंतु नित्याच्या वाटेवरून परतताना ते चुकू लागले, जन्मभर पुरण शिजविणाऱ्या आजींना त्याचे प्रमाण आठवेना, एकच प्रश्न घटकाभरात चारदा येऊ लागला, तर ते हसण्यावारी नेणे बरे नव्हे.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे डॉ. आलोइस अल्झायमर यांच्यापुढे आउगुस्टे डेटर नामक स्त्री आली. स्वतःचे नाव लिहिण्यास सांगितले असता तिला ते पुरे करता येईना. वय अवघे ५१! १९०६ मध्ये ती निवर्तल्यावर डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. मेंदू आक्रसलेला होता, पेशींबाहेर कसल्याशा द्रव्याची पुटे साचली होती आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता झाला होता. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या व्याधीस अल्झायमर यांचे नाव दिले.

निदानाची वाट मात्र आजही सरळ नाही. विस्मृती दिसली की अल्झायमरच, असे मुळीच नाही. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, नैराश्य, पडल्यानंतर कवटीत साकळलेले रक्त, फार काय झोपेच्या गोळ्यादेखील माणसाला भ्रमिष्ट करू शकतात. आणि यांतील पुष्कळशा कारणांवर उपाय आहे. म्हणूनच रक्ताची व मेंदूच्या छायाचित्राची तपासणी आधी करतात. अलीकडे त्या साचलेल्या प्रथिनांचा माग विशेष चाचण्यांनी जिवंतपणीही लागतो, पण ती सोय सर्वत्र नाही.

यानंतर येते ती प्रश्नोत्तरांची परीक्षा. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली ३० गुणांची चाचणी सर्वत्र रूढ आहे. शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, असे तीत विचारतात. जिने पाटीच कधी हाती धरली नाही, त्या वृद्धेने यात काय करावे? प्रश्नपत्रिकाच अयोग्य असेल तर नापासाचा दोष विद्यार्थ्याकडे जात नाही, हे आमच्या पेशात तरी मान्य आहे. हरियाणातील बल्लभगढ येथे संशोधकांनी निरक्षर ग्रामस्थांसाठी हिंदीत निराळी चाचणी घडविली व १९९५ साली प्रसिद्ध केली. तीत सकाळ आहे की संध्याकाळ, असे विचारतात.

आपणा परप्रांतस्थ मराठी कुटुंबांना येथे विशेष सावध राहिले पाहिजे. वडोदऱ्यास गुजरातीतून, इंदूरला हिंदीतून, बेळगावात कन्नडमधून प्रश्न आला आणि आजी गप्प राहिल्या, तर ते मौन विस्मृतीचे की भाषेचे? काही रुग्णांची मागाहून शिकलेली भाषा आधी सुटते, हेही खरे. तेव्हा घरची भाषा मराठी आहे, शिक्षण अमुक इयत्तेपर्यंत झाले आहे, ऐकू कमी येते, हे डॉक्टरांस प्रथमच सांगावे व दुभाषी म्हणून घरचे माणूस जवळ बसवावे. त्याने अर्थ सांगावा, उत्तर मात्र सुचवू नये. आमच्या लोकांना हा मोह आवरत नाही.

जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून ठेवावे: पहिली चूक केव्हा ध्यानी आली, हिशेब कधीपासून चुकू लागले, स्वभावात काय पालट झाला, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत. रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. काही औषधांनी काही काळ सावरता येते. मात्र पेन्शनचे कागद, बँकेतील सह्या, मृत्युपत्र ही कामे वृद्धांच्या स्वतःच्या इच्छेने उरकायची, तर ती पहिल्या टप्प्यातच उरकली पाहिजेत.