हुर्यो कुणाची?

आमच्या घरात आयपीएल हा दिवाळीच्या खालोखालचा सण. इथल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळचा सामना सहाला सुरू होतो, त्यामुळे ते दोन महिने आमचा स्वयंपाक साडेपाचलाच उरकलेला असतो. २०२० साली तर दोन्ही सण एकाच आठवड्यात आले. करोनामुळे अख्खी स्पर्धा अमिरातीत हलवली होती. १० नोव्हेंबरला दुबईत अंतिम सामना आणि १४ला लक्ष्मीपूजन. स्टेडियम आमच्या शारजाच्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर, पण सामना रिकाम्या स्टेडियममध्ये. मुंबईने दिल्लीला हरवून पाचवं विजेतेपद पटकावलं, तेव्हा मी चकल्या तळत होते. बाहेर बापलेक नाचत होते. ते बघायला गेले आणि एक घाणा करपला. त्या करपलेल्या चकल्यासुद्धा त्या दिवशी गोड लागल्या.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये अहमदाबादचं कुटुंब राहायचं. त्यांचा मुलगा आणि आमचा मुलगा एका वर्गात, एका स्कूलबसमध्ये, आणि संध्याकाळी खाली पार्किंगमधल्या क्रिकेटमध्ये एकाच बाजूला. २०२२ मध्ये गुजरात टायटन्स हा नवा संघ आला आणि हार्दिक पंड्याच्या नेतृत्वाखाली पहिल्याच वर्षी जिंकला. पुढच्या वर्षीही अंतिम फेरीत पोहोचला. समोरच्या दारावर हार्दिकचं पोस्टर लागलं. आमच्याकडे रोहित शर्मा. दोन दारांमध्ये चार फुटांचा पॅसेज, पण सीमारेषा पक्की.

२७ नोव्हेंबर २०२३ला हार्दिक मुंबईकडे परत गेल्याची बातमी अधिकृत झाली. संध्याकाळी समोरचा मुलगा आला तो बेल न वाजवता दार बडवतच. माझ्या मुलाला म्हणाला, "तुम लोगों ने पैसे देके उठा लिया!" नऊ वर्षांचं पोर, डोळ्यांत पाणी. मला आधी हसूच आलं. 'तुम लोग' म्हणजे आम्ही? घरभाड्याचा पुढचा चेक वठेपर्यंत ज्यांचा जीव टांगणीला असतो, ते आम्ही? पण त्याचा राग खरा होता, आणि थोडा विचार केल्यावर मला तो रास्तही वाटला.

आयपीएलमध्ये श्रीमंत मालकाने सगळे खेळाडू उचलू नयेत म्हणून सर्वांची थैली सारखी असते. २०२४च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १०० कोटी रुपयांची मर्यादा होती, २०२५साठी १२० कोटी. महिन्याच्या किराणासारखाच हिशेब: बासमती घेतला तर काजू विसरायचे. म्हणून लिलाव बघायला मजा येते. १९ डिसेंबर २०२३चा लिलाव तर आपल्या दुबईत, कोका-कोला अरीनात झाला. भारताबाहेर झालेला तो पहिलाच लिलाव. हैदराबादने पॅट कमिन्सला २०.५० कोटींना घेतलं आणि काही वेळातच कोलकात्याने मिचेल स्टार्कला २४.७५ कोटींना. आमच्याकडे टीव्हीसमोर बसून नवरा दर बोलीला "वेडे आहेत का?" म्हणत होता. पुढच्या मे महिन्यात हेच दोघे अंतिम सामन्यात समोरासमोर आले आणि सामनावीर ठरला स्टार्क.

पण हार्दिक लिलावातून आलाच नाही. तो आला अदलाबदलीच्या खिडकीतून. तिथे खेळाडूचं मानधन, हार्दिकच्या बाबतीत १५ कोटी, थैलीतून जातं. मात्र एका मालकाने दुसऱ्याला दिलेली बदलीची रक्कम थैलीत मोजत नाहीत आणि ती जाहीरही होत नाही. मानधनाला जागा हवी म्हणून मुंबईने १७.५० कोटींच्या कॅमेरॉन ग्रीनला बंगळुरूकडे धाडलं. सगळं नियमात बसवून. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार नुसतं लोटलेलं. समोरच्या मुलाला नियम ठाऊक नव्हते, पण मागचं दार त्याला बरोबर दिसलं होतं.

मग आमची पाळी आली. १५ डिसेंबरला मुंबईने रोहितला बाजूला करून हार्दिकला कर्णधार केलं, आणि आता आमच्या घरात सुतक! १ एप्रिल २०२४ला वानखेडेवर मुंबईचा त्या हंगामातला घरचा पहिला सामना होता. नाणेफेकीला आपल्याच कर्णधाराची आपल्याच प्रेक्षकांनी अशी हुर्यो उडवली, की संजय मांजरेकरांना मैदानातून लोकांना नीट वागायला सांगावं लागलं. आमचे चिरंजीव सोफ्यावर उभे राहून ओरडत होते, "गद्दार! गद्दार!" शाळेत मराठी शिकवलेली मी. शब्द कुठे वापरला जातोय याकडे माझं लक्ष जातंच. मी विचारलं, "अरे, गद्दारी कुणाशी केली त्याने? आला तर तुमच्याकडेच ना?" त्याला उत्तर सुचेना. मलाही कुठे सुचत होतं?

याच सुमारास सॅन दिएगोत राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. तो तिथल्या पाद्रेस या बेसबॉल संघाचा भक्त. म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे निदान थैलीला तोंड तरी आहे. आमच्याकडे थैली फाटकीच!" डिसेंबर २०२३मध्येच लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी शोहेई ओहतानीशी दहा वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा करार केला होता. त्यातले ६८ कोटी डॉलर त्याला २०३४पासून पुढे मिळायचे आहेत. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये खर्चाला पक्की मर्यादा नाही. ठरावीक रकमेपलीकडे गेलं तर दंडासारखा कर भरायचा, एवढंच. २०२४च्या बाद फेरीत डॉजर्सनी पाद्रेसना ३-२ असं हरवलं आणि पुढे वर्ल्ड सीरिजही जिंकली. भाचा दोन दिवस कुणाशी बोलला नाही म्हणे.

पण त्यानेच मला या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली. पूर्वी तिथे करार संपला तरी खेळाडूवर क्लबचाच हक्क असायचा. क्लब विकेल तिकडे जायचं, नाहीतर घरी बसायचं. १९६९मध्ये कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूला बारा हंगामांनंतर सेंट लुईसने फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो गेला नाही, कोर्टात गेला. १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला, आणि त्या लढ्यात त्याची कारकीर्दही जवळजवळ संपली. १९७५च्या शेवटी लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि खेळाडू 'फ्री एजंट' होऊ लागले. आज ओहतानी आपला संघ आपण निवडतो, त्यामागे हा माणूस आहे.

हे मी आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांना सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "अगं, म्हणजे आमची एनओसीच की! जुन्या मालकाने कागद दिला नाही तर नवी नोकरी विसरा." काका इथे चाळीस वर्षांपूर्वी आले. त्यांना फ्लडची गोष्ट समजावून सांगावीच लागली नाही.

मला पटलं ते एवढंच. भरमसाट खर्च करणाऱ्या संघावर जरूर चिडावं. मागची दारं बंद करा म्हणून ओरडावं. पण दर वेळी शिव्या खातो तो जाणारा माणूस, आणि दार उघडणारा आत पंख्याखाली बसलेला असतो. आणि जाणारे तर आपण सगळेच आहोत. सांगलीतली शाळा सोडताना सातवीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "बाई, तिथे जास्त पैसे मिळतात का?" नवऱ्याला तिथे मिळणार होते, हे खरंच होतं. मी "हो" म्हणाले नाही. "तुमची आठवण येईल" म्हणाले. तेही खरंच होतं.

गेल्या मार्चअखेर शाळेचं वर्ष संपलं आणि समोरचं कुटुंब दोहाला गेलं. वडिलांना चांगली संधी आली होती. सामान उतरत असताना माझ्या मुलाने हळूच विचारलं, "आई, काकांवर कुणी जास्त बोली लावली का?" मी म्हणाले, "हो. आणि आपल्यावर लागली म्हणूनच आपण इथे आहोत." तो गप्प झाला. संध्याकाळी त्याने आपली बॅट मित्राला देऊन टाकली. मी काही बोलले नाही.

३० मे २०२५ला बाद फेरीत मुंबई आणि गुजरात समोरासमोर आले. दोन्ही पोरं व्हिडिओ कॉलवर, एक शारजात, एक दोहात. रोहितच्या ८१ धावा, आणि हार्दिकची मुंबई २० धावांनी जिंकली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आवाज आला, "ठीक है यार. फायनल जीतना अब." आम्ही काही अंतिम फेरी गाठली नाही. पुढच्याच सामन्यात पंजाबने आम्हाला घरी पाठवलं, तेव्हा सांत्वनाचा पहिला फोन दोहाहून आला.

समोरच्या दारावर अजून हार्दिकच्या पोस्टरच्या चिकटपट्टीचे चार डाग आहेत. यंदा चकल्यांचा एक डबा जास्तीचा केला आहे. मंडळातलं कुणी दिवाळीत दोहाला जाणार असेल, तर कृपया कळवा.