ग्राहकांच्या ग्रुपचे नियम आधीच लिहून ठेवा

ग्राहकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय? मग एक गोष्ट लक्षात घ्या. ॲडमिन म्हणून तुम्ही कुणाचा मेसेज डिलीट केलात, की त्या जागी तुमच्या नावासकट तसं सगळ्यांना दिसतं. कारण माहीत नसेल तर लोक म्हणणार, 'तक्रार दाबली!' आणि गेलेला विश्वास डिस्काउंट देऊन परत येत नाही.

म्हणून ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये 3 ओळी लिहाच.

1. जाहिराती, राजकारण, शिवीगाळ चालणार नाही.
2. पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी ग्रुपबाहेर.
3. निर्णय पटला नाही, तर या नंबरवर फोन करा.

मालाबद्दलची तक्रार मात्र कधीच काढू नका. तिथेच, सगळ्यांसमोर उत्तर द्या. आणि हो, नियम सगळ्यांना सारखा, तुमच्या मेहुण्यालासुद्धा!