गांज्याची सवय लागते काय?

सुमारे तीस वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याची आई मजकडे आली होती. मुलगा येथेच कतारगामात हिऱ्यांच्या कारखान्यात कामास लागला होता आणि रात्री मित्रांसमवेत गच्चीवर चिलीम ओढू लागला होता. "सर, सुटेल ना हे त्याचं?" एवढेच तिने विचारले. दारूची सवय लागते, गांज्याची लागत नाही; मनात आणले की सुटेल, असे मी तिला सांगितले. ती समाधानाने परतली. पुढे मुलाचे काम सुटले. गांजा सुटला नाही. मी वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. परंतु जे चुकीचे सांगितले ते दुरुस्त करणे शिक्षकाकडेच येते.

माझा तो समज सर्वस्वी निराधार होता असेही नाही. इंग्रज सरकारने १८९३ साली भांग-गांज्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला. ११९३ साक्षीदार तपासून त्याने १८९४ मध्ये असा निष्कर्ष काढला की, मर्यादित सेवनाने विशेष अपाय होत नाही, अतिरेकाने होतो. आम्ही सुशिक्षितांनी पूर्वार्ध तेवढा ध्यानात ठेवला. शिवाय महाशिवरात्रीची भांग आणि गोसाव्यांची चिलीम लहानपणापासून पाहिलेली. ज्या वस्तूस सणावारात स्थान मिळते, तिचे भय वाटेनासे होते.

झाड एकच. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि चिकाचा चरस. १९८५ च्या केंद्रीय कायद्याने गांजा व चरस यांस बंदी आहे. नुसत्या पानांस तो लागू नाही. मात्र कायद्याने केलेला भेद शरीर पाळत नाही. धुराचा अंमल काही मिनिटांत चढतो, पोटात गेलेल्या भांगेस तास-दीड तासही लागतो. "काहीच होत नाही" म्हणून आणखी एक पेला घेणारा म्हणूनच फसतो.

या झाडातील मादक द्रव्य १९६४ साली जेरुसलेमचे राफाएल मेशूलम आणि त्यांचे सहकारी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९९२ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत असे आढळले की, साधारण तसेच कार्य करणारे एक द्रव्य आपला मेंदू स्वतःच तयार करतो. संस्कृतातील 'आनंद' शब्दावरून त्याचे नाव 'आनंदामाइड' ठेवण्यात आले. भाषेच्या अध्यापकास याचे कौतुक वाटणारच! तथापि शरीर हे द्रव्य लागेल तेवढेच करते आणि लगेच मोडून टाकते. गांज्याचे द्रव्य मात्र तासन्‌तास ठाण मांडते. स्मरण, अवधान, तोल आणि कालभान सांभाळणारी केंद्रे त्यामुळे ढिली पडतात. फिरत्या चकतीवर पैलू पाडणाऱ्या रत्नकलाकारास हे किती महाग पडते, ते या श्रोत्यांस सांगावयास नको.

रोजच्या सेवनाने मेंदूतील त्या द्रव्याची ग्रहणस्थाने कमी होतात. मग तेवढ्याच चिलमीने भागत नाही. आणि थांबल्यास एकदोन दिवसांत चिडचिड, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे, विचित्र स्वप्ने असा त्रास सुरू होऊन सुमारे दोन आठवडे राहतो. घरचे म्हणतात, "ओढल्यावर तो शांत असतो." वस्तुतः ती अशांतता गांज्यानेच निर्माण केलेली असते. ग्रहणस्थाने साधारण महिनाभराच्या संयमाने पूर्ववत होऊ लागतात, ही आशेची बाब.

सेवन करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे नऊ जण व्यसनाधीन होतात. कुमारवयात आरंभ करणाऱ्यांत सहांपैकी एक. उरलेल्यांकडे पाहूनच मी त्या मातेस उत्तर दिले होते. स्वीडनमधील सुमारे ४५ हजार तरुण सैनिकभरतीवाल्यांच्या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पन्नासहून अधिक वेळा सेवन केलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट आढळले. सर्वच दोष गांज्याचा, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण घरात मनोविकाराचा इतिहास असलेल्याने तिकडे फिरकूही नये. आपल्या देशात २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भांग-गांजा-चरसामुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख लोक आहेत.

यावर हमखास गोळी नाही. समुपदेशन, कुटुंबाची साथ आणि सोबत्यांत बदल, हेच उपचार. पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ पासून हे कार्य करीत आहे. १४४४६ हा शासकीय दूरध्वनी विनामूल्य आहे. पोलिसांच्या भयाने पुष्कळ आईबाप गप्प बसतात. त्यांनी हे जाणून घ्यावे की, अल्प प्रमाणातील गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेत असल्यास त्याच १९८५ च्या कायद्यातील ६४-अ कलम त्याला खटल्यापासून संरक्षण देते. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.