राजदूत ३५०चे दोन कार्बोरेटर

आज राजदूत ३५०. म्हणजे आपली यामाहा आरडी ३५०, फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने १९८३पासून बनवलेली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, आणि प्रत्येकाला वेगळा मिकुनी कार्बोरेटर. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांना एकच असायचा, म्हणून गावाकडचे मिस्त्री अजून हिला हात लावायला कचरतात.

माझी सोलापूरहून धाराशिवला येताना तुळजापूरच्या घाटात सीझ झाली. मागचं चाक लॉक! क्लच पटकन दाबला म्हणून वाचलो. डावा प्लग काढला तर पांढराफटक. म्हणजे त्या बाजूला हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि सिलिंडरची भट्टी. आधी आठवडाभर मी जेट बदलत बसलो होतो. दोष निघाला कार्बोरेटर जिथे बसतो त्या रबरात, केसाएवढी चीर!

तर आधी रबर बघा. मग इंजिन बंद ठेवून, फिल्टरकडचा पाइप काढून दोन्ही स्लाइडना बोट लावा आणि हळूच रेस द्या. दोन्ही एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. नसतील तर केबलचा ॲडजस्टर फिरवा. एअर स्क्रू अलगद पूर्ण आत, मग साधारण दीड फेरी बाहेर. पुढचं कानावर.

आणि हो, रेसची केबल तीन ठिकाणी फुटते: दोन कार्बोरेटर, तिसरा ऑइल पंप. कार्बोरेटर जुळवले की पंपाच्या पुलीवरची खूणही पुन्हा जुळवा, नाहीतर गाडी झकास पळेल आणि पिस्टन कोरडा.

मी आता घाट चढलो की चहाला थांबतो आणि इंजिन जरा निवलं की प्लग काढून बघतो. बिस्किटाच्या रंगाचे असले तरच पुढे.