वसईत बिबट्या दिसला म्हणजे बिबटे वाढले का? समजून घ्या गणित

2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये वसई किल्ल्याच्या परिसरात एक बिबट्या फिरत होता. तो पिंजऱ्यात सापडायला जवळपास महिना लागला. असा बिबट्या दिसला की मेसेज फिरू लागतात, 'बिबटे फार वाढलेत, पकडून न्या!' पण प्राण्यांची संख्या नेमकी वाढते कशी?

सरळ वाढ धरली तर?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान परिसरातल्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात 2015 मध्ये 35, तर 2018 मध्ये 47 बिबटे नोंदवले गेले. म्हणजे वर्षाला साधारण 10 टक्के वाढ. चक्रवाढ व्याजासारखा हाच वेग कायम धरला, तर 2039 पर्यंत आकडा साडेतीनशेच्या वर जाईल. कागदावर हे जमतं, जंगलात नाही.

ब्रेक कुठे लागतो?

बेल्जियमचे गणितज्ञ व्हेरहल्स्ट यांनी 1838 मध्ये या हिशेबात एक मर्यादा घातली. अन्न आणि जागा जितक्या प्राण्यांना पुरते, ती त्या भागाची 'धारण क्षमता'. समजा ती 50 आहे आणि वाढीचा मूळ दर 40 टक्के आहे. मग 10 बिबटे असताना वर्षाला सुमारे 3 वाढतील, 25 असताना 5, 45 असताना जेमतेम 2 आणि 50 झाले की शून्य. आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो.

मग एक पकडून नेला तर?

गणितानुसार 50 चे 45 केले की वाढ पुन्हा सुरू होते. शिवाय जंगलाला दार नसतं. उद्यानाचा नागला भाग वसई खाडीच्या उत्तरेला आहे आणि तिथून जंगल तुंगारेश्वर अभयारण्याकडे जातं. रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा बिबट्या येऊ शकतो. नव्या हद्दीच्या शोधात निघालेला तरुण बिबट्या वस्तीतही पोहोचतो. त्यामुळे एक दिसला म्हणून संख्या वाढली, असं म्हणता येत नाही.

आपल्या हातात काय?

धारण क्षमता फक्त झाडांवर ठरत नाही. मुंबईलगतच्या बिबट्यांच्या आहारात भटके कुत्रे मोठ्या प्रमाणात असतात आणि कुत्रे जमतात उघड्या कचऱ्यावर. म्हणजे वस्तीच्या कडेला कचरा साचला, की बिबट्याचं ताट आपणच वाढतो. पिंजरा लावल्याने आजचा एक बिबट्या कमी होईल. कचरा उचलला तर वस्तीकडे यायचं कारणच कमी होईल.