पायी धारवाड : मरणाच्या खुणांची वाट

गाइड लागत नाही. पाणी, टोपी आणि एक सकाळ पुरे. हुबळीहून 'चिगरी' बसने धारवाड गाठा.

पहिला थांबा किल्ला. आज त्याचा दरवाजा आणि थोडे अवशेष एवढेच उरले आहेत. पण 1790-91 मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रजी तुकडीच्या साथीने इथे सहा महिन्यांहून अधिक काळ वेढा घातला. टिपूचा किल्लेदार बद्रुज्जमान खान आत झुंजत राहिला आणि एप्रिल 1791 मध्ये किल्ला पडला. इंग्रजी तुकडीचा सेनापती कर्नल फ्रेडरिक मात्र वेढ्यातच वारला. मराठी वाचकाने दरवाज्यापाशी घाई करू नये. दोन्ही बाजूंची कितीतरी निनावी माणसे इथे संपली.

पुढे थॅकरे यांचा स्मारकस्तंभ. धारवाडचे कलेक्टर सेंट जॉन थॅकरे 23 ऑक्टोबर 1824 रोजी कित्तूरवर चालून गेले आणि राणी चन्नम्मांच्या सैन्याकडून मारले गेले. गोळी राणींच्या सैन्यातल्या अमटूर बाळप्पाची, असे सांगतात. कादंबरीकार थॅकरे यांचे हे काका. चन्नम्मा कैदेत बैलहोंगलला 1829 मध्ये वारल्या. तिथली त्यांची समाधी पाहिल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते.

शेवटी साधनकेरीचा तलाव आणि कन्नड कवी द. रा. बेंद्र्यांचे घर. जी. ए. कुलकर्णीही याच गावात इंग्रजी शिकवत. मृत्यू आणि नियती यांना इतक्या जवळून न्याहाळणारा दुसरा मराठी कथाकार मला माहीत नाही. त्यांचा 'काजळमाया' हा कथासंग्रह सोबत ठेवा.

थडग्यांवर चढू नका, दगडांवर नावे कोरू नका.