सतराचा पाना

हिवाळ्यात पहाटे पाचला खळ्यातली जुनी पिकअप सुरू व्हायची, आणि आज ती बरी नाही हे मला अंथरुणातच कळायचं. चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा एक ठेका असतो. स्लोवर, मिनिटाला साधारण ८०० फेरे होत असताना, प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. म्हणजे चारही मिळून सेकंदाला सव्वीस-सत्तावीस ठोके. कानाला ते मोजता येत नाहीत, पण त्यातला एक गळला की लगेच कळतं. गिअरचा दांडा नाचायला लागतो, आरशातलं चित्र थरथरतं. ड्रायव्हर म्हणतात, गाडी मिसिंग मारते.

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात माल नेणारी गाडी दोन दिवस उभी ठेवणं परवडत नाही. त्यामुळे सल्ले घाईचे येतात आणि घाईचे सल्ले महागात पडतात. एकाने चारही नोझल बदला म्हटलं, दुसऱ्याने पंप कामाला टाका, तिसऱ्याने तर इंजिनच खोलायला सांगितलं. ज्या मिस्त्रींनी शेवटी दोष धरला, ते आधी दहा मिनिटं सायलेन्सरजवळ नुसते उभे राहिले. काळा धूर असेल तर हवेच्या मानाने डिझेल जास्त पडतंय, म्हणून आधी एअर फिल्टर बघायचा. निळसर असेल तर ऑईल जळतंय. पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर येतंय. आमचा धूर पांढरा होता, पण सलग नव्हता. झुळकेसारखा यायचा आणि विरायचा.

मग त्यांनी सतराचा पाना मागितला.

जुन्या इंजिनात पंपापासून चार नोझलपर्यंत चार लोखंडी नळ्या जातात. इंजिन स्लोवर चालू ठेवून नोझलकडचा नट किंचित ढिला केला की त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर झिरपतं आणि आत फवारा होत नाही. सिलिंडर धडधाकट असेल तर इंजिन आणखी अडखळतं. नट ढिला करूनही आवाज तोच राहिला, तर तो सिलिंडर आधीपासूनच निजलेला होता. मग त्याचं नोझल शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याचं त्याला लावून बघायचं. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. जागेवरच राहिला तर टॅपेट, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन. मला ही पद्धत फार देखणी वाटते. चांगला भाग काही क्षण बंद करून काय उणं होतं ते ऐकायचं, एवढ्यावर ती उभी आहे.

मात्र त्या झिरपणाऱ्या नटाजवळ उघडा हात न्यायचा नाही. नोझल साधारण २०० बार किंवा त्याहून जास्त दाबाला उघडतं; मोटारीच्या टायरमध्ये असतात जेमतेम २ बार. हा फवारा कातडीत शिरतो, आणि बाहेरून टाचणीएवढी दिसणारी ती जखम थेट दवाखान्यात न्यावी लागते. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत दाब हजार बारच्या वर असतो, तिथे हा प्रयोग कधीच करायचा नाही.

आमच्या भागात जुने लोक नोझलला अजून मायकोचं नोझल म्हणतात. १९५१ साली बंगळुरात सुरू झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं ते छोटं नाव. २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं, पण नाशिकला तिचा नोझलचा कारखाना असल्यामुळे शहरातला चौक अजून मायको सर्कलच आहे.

मिस्त्रींनी चारही नट एकेक करून ढिले केले, आणि चारही वेळा इंजिन अडखळलं.

“भाऊ, चौघंही कामाचे आहेत,” ते म्हणाले. “यांना प्यायलाच नीट मिळत नाही.”

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार! दोष चौघांच्या आधी होता. त्यांनी फिल्टरच्या तळातलं पाणी सोडलं. फारसं निघालं नाही. मग फिल्टरच्या आधीची रबरी नळी काढून तिथे वीतभर पारदर्शक नळी बसवली. इंजिन सुरू होताच डिझेलबरोबर बुडबुड्यांची माळ धावताना दिसली. डिझेल दाबलं जात नाही, म्हणून नोझलपाशी लगेच दाब चढतो. बुडबुडा मात्र चेपला जातो, आणि तेवढा एक फवारा बुडतो. बुडबुडा आता एका सिलिंडरच्या वाट्याला, घटकाभराने दुसऱ्याच्या. म्हणून आमचं मिसिंग एका जागी ठरत नव्हतं.

पण गाडीखाली कधी थेंबभर डिझेल दिसलं नव्हतं. ते दिसणारच नव्हतं. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची असते. तिला चीर पडली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. टाकीजवळच्या क्लिपखाली रबर कडक होऊन केसाएवढं फाटलं होतं, आणि पहाटेच्या गारठ्यात ते आणखी ताठत होतं.

हातभर नवी नळी, दोन क्लिपा. हातपंप मारून लाइनमधली हवा काढली. पैसे मात्र मिस्त्रींनी त्या संध्याकाळी घेतले नाहीत. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीलाच खरं विचारायचं, असं त्यांचं म्हणणं. पारदर्शक नळीही तशीच ठेवायला सांगितली.

पहाटे पाचला मी बॅटरी घेऊन बॉनेट उघडं धरलं. भावाने चावी फिरवली. नळीत डिझेल एकसंध होतं, मधासारखं.